परांची कधी उतरवावी?

घर बांधताना बांबूंची आणि काथ्याच्या दोरांची परांची चढू लागली म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याचे लक्ष तिच्याकडे जाते, आणि ती उतरली म्हणजे ते इमारतीकडे जाते. परंतु या दोहोंच्या मधल्या काळात, कोणता बांबू आज सोडवावा, कोणता टेकू आणखी आठवडाभर राहू द्यावा, आणि स्लॅबखालचे सेंटरिंग नेमके कितव्या दिवशी काढले असता छत आपला भार आपण पेलील, याचा जो विचार गवंड्याच्या मनात चाललेला असतो, त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. घाई केली तर छत माणसांच्या डोक्यावर येते, आणि विलंब केला तर सामानाचे भाडे मालकाच्या डोक्यावर बसते. माझ्या परिचयाचा एक वृद्ध गवंडी म्हणत असे, की उभारणी पोरेसोरेही करतात, मजुरी खरी ती उतरवण्याची.

अस्थिशल्यशास्त्रात गेली काही दशके अशाच एका परांचीचा शोध चालू आहे, आणि गंमत अशी की शास्त्रज्ञांनीही तिला परांचीच्याच अर्थाचे इंग्रजी नाव दिले आहे. मोडलेल्या अथवा झिजून गेलेल्या हाडाच्या पोकळीत एक सच्छिद्र सांगाडा ठेवायचा, त्याच्या पृष्ठभागावर अस्थिजनक पेशींनी येऊन बसावे, वाढावे, नवे हाड रचावे, आणि जसजसे हाड भरत जाईल तसतसा तो सांगाडा शरीरातल्या पाण्यात विरघळून नाहीसा व्हावा, अशी ही कल्पना आहे. कल्पना सुंदर आहे यात शंका नाही. परंतु या विषयावर आपल्याकडे जे बोलले जाते, छापले जाते आणि सरकारी अनुदानाने पोसले जाते, ते जवळजवळ सारे परांची चढण्याच्या दिवसाविषयीचे असते. ती उतरण्याच्या दिवसांचा हिशेब ठेवणारे दप्तर आपल्यापाशी नाही, आणि ते सिद्ध होईपर्यंत अशा पदार्थांचा सर्रास वापर करण्याची उतावीळ आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मताकडे वळण्यापूर्वी वस्तुस्थिती नीट पाहिली पाहिजे, कारण वस्तुस्थितीच मोठी मनोरंजक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याचा घोटा मोडला, तेव्हा एक पोलादी पट्टी आणि सहा स्क्रू घालून तो जुळवण्यात आला. हाड दोन-अडीच महिन्यांत सांधले. पट्टी मात्र चपलेच्या पट्ट्याखाली रुतू लागली, आणि वर्षभराने पुन्हा भूल देऊन, पुन्हा कातडी उघडून ती काढावी लागली. सुश्रुताच्या काळी अस्थिभंगावर बांबूचे आणि झाडांच्या सालींचे कुश बांधीत. ते बाहेरचे असल्यामुळे काम झाले की सोडता येत. आत घातलेल्या धातूचे तसे नाही. शिवाय हाड हे सजीव आहे, आणि ज्याच्यावर भार पडतो तेच बळावते, हा नियम बर्लिनच्या यूलिउस वोल्फने 1892 साली ग्रंथरूपाने मांडला होता. भार पोलादाने परस्पर उचलला म्हणजे हाड, घरजावयासारखे, हळूहळू सुस्तावते. तेव्हा काम संपताच आपोआप निघून जाणारा पदार्थ हवा, ही इच्छा काही चैनीची नव्हे.

असा पदार्थ सापडला तो आंबलेल्या दुधाच्या वंशात. स्वीडनच्या शील या रसायनज्ञाने 1780 साली आंबट दुधातून जे आम्ल वेगळे काढले, जे आपल्या दह्या-ताकाला आंबटपणा देते आणि धावताना आपल्या स्नायूंतही तयार होते, त्या दुग्धाम्लाचे रेणू एकापुढे एक गुंफून जी लांब साखळी, म्हणजे पॉलिमर, बनते ती पॉलिलॅक्टिक आम्ल. या साखळीचा प्रत्येक दुवा पाण्याच्या सान्निध्यात सावकाश तुटतो, आणि शेवटी उरते ते पुन्हा दुग्धाम्लच, ज्याची विल्हेवाट कशी लावायची हे शरीराला उपजतच ठाऊक आहे. हा पदार्थ शल्यकर्मात वापरता येईल, असे प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे सांगणारा निबंध अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतून 1966 साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या लेखकांत पहिले नाव आर. के. कुलकर्णी असे आहे. आडनाव पाहून मराठी वाचकाची मान किंचित ताठ होईल. तो आनंद मी हिरावून घेत नाही, परंतु गावाचे दप्तर सांभाळणाऱ्या वतनाचे हे नाव या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर असावे, हा योगायोग मला सूचक वाटतो. चारच वर्षांनी, 1970 मध्ये, याच कुळातल्या ग्लायकॉलिक आम्लाच्या साखळीचे टाके बाजारात आले. आज खेड्यातली बाळंतीणसुद्धा ‘विरघळणारे टाके’ हा शब्द जाणते.

टाका आणि हाडाची परांची यांत मात्र मोठे अंतर आहे. टाक्याने काही आठवडे दोन कडा एकत्र धरून ठेवल्या की त्याचे कर्तव्य संपले. परांचीवर पेशींनी वस्ती करायची आहे, आणि पेशी ही मोठी चोखंदळ भाडेकरू आहे.

हाड म्हणजे चुन्याची काठी नव्हे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे एक दशांश भाग दरवर्षी नवा होतो. अस्थिभक्षक पेशी जुने हाड खणून काढतात आणि अस्थिजनक पेशी त्या खड्ड्यात आधी कोलॅजनचे जाळे विणून मग त्यावर कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक स्फटिक बसवतात. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही लहान असलेली ही अस्थिजनक पेशी अधांतरी जगू शकत नाही. तिला पाय टेकायला भूमी लागते. ती न मिळाल्यास ती स्वतःहून मरते, आणि या मरणाला शास्त्रज्ञांनी ‘अनॉइकिस’ असे जे ग्रीक नाव दिले आहे त्याचा अर्थच मुळी घराला पारखे होणे असा आहे. तेव्हा पॉलिमरच्या पृष्ठभागावर ती टेकते की नाही हा प्रश्न तिच्या जीवनमरणाचा आहे.

परंतु ती पॉलिमरवर टेकतच नाही. हे जेव्हा मी प्रथम वाचले तेव्हा मला एसटीच्या गाडीची आठवण झाली. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, पिशव्या, टोप्या आत पडतात, आणि प्रवासी दारातून चढेपर्यंत प्रत्येक बाकावर कोणाचा ना कोणाचा हक्क बसलेला असतो. कोणताही परका पदार्थ शरीरात शिरला की काही क्षणांत रक्तातली आणि पेशीबाह्य द्रवातली प्रथिने त्याच्यावर अशीच तुटून पडतात, आणि पेशी तिथे पोहोचते तेव्हा तिला पदार्थ दिसतच नाही. तिला दिसतो तो प्रथिनांचा थर. संख्येने विपुल असलेले अल्ब्युमिन आधी जागा धरते. पेशीला ते आवडत नाही. तिला हवे असते फायब्रोनेक्टिन अथवा व्हिट्रोनेक्टिन, ज्यांच्या रेणूतली तीन अमिनो आम्लांची एक छोटीशी ओळ तिच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाच्या हातांना कुलपात किल्ली बसावी तशी बसते. ही ओळ पियर्शबाखर आणि रुओस्लाटी या दोघांनी 1984 साली दाखवून दिली. आधी बसलेल्या प्रथिनांना मागाहून आलेली अधिक आसक्त प्रथिने उठवून लावतात, या घटनेला लिओ फ्रोमान यांचे नाव मिळाले आहे. रक्तशास्त्रज्ञ असलेले हे गृहस्थ डच भाषेतले मान्यवर कवी होते आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या बंदिवासात राहून आले होते. जागेसाठी चाललेली रेटारेटी त्यांनी प्रयोगशाळेबाहेरही पुरेपूर पाहिली असणार.

आता पृष्ठभागाचे महत्त्व ध्यानात येईल. पृष्ठभाग अतिशय जलविरोधी असला, म्हणजे अळवाच्या पानावर थेंब गोळा होऊन राहावा तसा, तर प्रथिने त्याला इतकी घट्ट चिकटतात की त्यांची घडी विस्कटते आणि किल्लीचे दात आतल्या आत दडून जातात. तो अतिशय जलस्नेही असला तर पाण्याचाच थर इतका दाट बसतो की प्रथिनांना शिरकाव मिळत नाही. पेशीला मध्यम मार्ग रुचतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचा कोरा पृष्ठभाग जलविरोधाकडे थोडा झुकलेला, आणि पेशीने हात धरावा असे रासायनिक गट त्याच्यावर जवळजवळ नाहीत. म्हणून कोणी त्याला कॉस्टिक सोड्याने धुतो, कोणी विद्युतभारित वायूच्या झोतात धरतो, कोणी कोलॅजनचा लेप देतो, कोणी हाडातल्याच खनिजाचा पातळ थर चढवतो, तर कोणी ती तीन अमिनो आम्लांची ओळच त्यावर टाचून ठेवतो. या सर्व उपायांनी पेशी अधिक संख्येने बसतात, अधिक पसरतात. त्याविषयी शेकड्यांनी निबंध आहेत, आणि त्यांत तपशिलाखेरीज नवे फारसे नाही.

एक प्रयोग मात्र असा आहे की त्याच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. ग्लासगो आणि साउदॅम्प्टन येथील डॅल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली एका प्लास्टिकच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खड्ड्यांची जणू ठिपक्यांची रांगोळीच काढली. प्रत्येक ठिपका 120 नॅनोमीटर रुंद आणि 100 नॅनोमीटर खोल, आणि दोन ठिपक्यांच्या मध्यांतले अंतर 300 नॅनोमीटर. म्हणजे केसाच्या जाडीत असे दोनशेहून अधिक ठिपके एका ओळीत मावावेत. काही पृष्ठभागांवर ठिपके काटेकोर चौकटीत होते, काहींवर अगदी अस्ताव्यस्त, आणि काहींवर चौकट कायम ठेवून प्रत्येक ठिपका जास्तीत जास्त 50 नॅनोमीटर इकडेतिकडे सरकवलेला, म्हणजे शिकाऊ मुलीने काढलेल्या रांगोळीसारखा. मज्जेतल्या मूलपेशी या तिन्हींवर सोडल्या, तेव्हा या शिकाऊ रांगोळीवर त्या अस्थिपेशींसारख्या वागू लागल्या आणि कोणतेही औषध न घालता खनिज साठवू लागल्या. काटेकोर चौकटीवर तसे घडले नाही. पुढे 2011 साली याच परंपरेतल्या संशोधकांनी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विघटनशील पॉलिमरवर काटेकोर चौकट उमटवून दाखवले, की तिच्यावर मूलपेशी आठ आठवड्यांपर्यंत आपले मूलपण टिकवून राहतात. रसायन तेच असता केवळ ठिपके हलल्याने पेशीने आपला व्यवसाय ठरवावा, हे वाचून सृष्टीच्या सूक्ष्मतेपुढे माणूस क्षणभर स्तब्ध होतो. (आमच्या नगररचनाकारांनी यावरून रस्ते वाकडे आखण्याचे समर्थन शोधू नये, एवढीच विनंती.)

इथपर्यंतची कथा कौतुकाची आहे, आणि आपल्या विद्यापीठांतले बहुतेक संशोधन इथेच मुक्काम करते. काचेच्या अथवा प्लास्टिकच्या बशीत पॉलिमरचा पापुद्रा ठेवायचा, त्यावर पेशी सोडायच्या, पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मोजायच्या, निळी केंद्रके आणि हिरवे तंतू दाखवणारे एक मोहक छायाचित्र घ्यायचे, आणि पदार्थ ‘अस्थिनिर्मितीस अनुकूल’ ठरवून निबंध धाडून द्यायचा, असा हा शिरस्ता आहे. यात लबाडी कोणी करीत नाही. पदवीची मुदत तीन-चार वर्षांची, अनुदानाचीही तेवढीच, आणि पदार्थाच्या विघटनाची मात्र कधीकधी त्याहून जास्त. बारशाला सारा गाव जमतो आणि मुलाच्या दहावीच्या निकालाला कोणी फिरकत नाही, तसा हा प्रकार आहे.

बशीतला पापुद्रा हा सपाट आणि उघडा असतो, शरीरातली परांची खोल आणि सच्छिद्र असते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात सुझन इशाउग, अँटोनिओस मिकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मज्जेतल्या पेशी अशा सच्छिद्र ठोकळ्यांत 56 दिवस वाढवल्या आणि 1997 साली आपले निष्कर्ष मांडले. खनिजयुक्त थर तयार झाला खरा, पण तो पृष्ठभागापासून पाव मिलिमीटरच्या आसपासच आत गेला होता. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेते आहेत ते उसाला भरपूर पाणी घेतात आणि टेलच्या शेतकऱ्याच्या पाटात चिखलही उरत नाही. बाहेरच्या पेशींनी प्राणवायू आणि पोषण संपवल्यावर आतल्यांची तीच गत होते. शरीरात रक्तवाहिन्या आत शिरतात म्हणून थोडी आशा असते, परंतु त्या शिरायलाही दिवस लागतात.

याहून गंभीर गोष्ट अशी की विघटनशील पदार्थाचा पृष्ठभाग हा स्थिर पृष्ठभागच नव्हे. पेशी ज्यावर उभी आहे ती भूमी तिच्या पायाखाली रोज बदलते. साखळ्या तुटतात, नवी आम्ल टोके उघडी पडतात, खडबडीतपणा वाढतो, आसपासचा द्रव आंबट होतो. फ्रान्समध्ये मिशेल व्हेर आणि सूमिंग ली यांनी दाखवून दिले, की जाड तुकड्याच्या पृष्ठभागाशी सुटलेले आम्ल बाहेर वाहून जाते, पण गाभ्यात सुटलेले तिथेच कोंडून राहते आणि उरलेल्या साखळ्या आणखी वेगाने तोडते. परिणामी वरचे कवच शाबूत दिसत असता आतला गाभा द्रवरूप होऊन बसतो. वरून कीर्तन आणि आतून तमाशा ही आमची म्हण या रसायनशास्त्राला इतकी चपखल बसेल असे वाटले नव्हते. सातव्या दिवशी ज्या कवचावर पेशी आनंदाने पसरलेल्या दिसल्या, त्याच कवचाला काही महिन्यांनी तडा जाऊन आतले आंबट घबाड एकदम बाहेर पडले तर त्या पेशींचे काय होते, हे सातव्या दिवसाच्या छायाचित्रात कसे दिसणार?

ते दिसले, पण रुग्णांत. फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे 1984 पासून घोट्याच्या आणि इतर अस्थिभंगांत विरघळणाऱ्या काड्या व स्क्रू घालण्यास आरंभ झाला. तिथल्या शल्यवैद्यांनी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, आणि 2000 साली ओले बेस्टमान आणि त्यांच्या सहकाऱ्याने संपूर्ण हिशेब जगापुढे मांडला: 2528 रुग्णांपैकी 108 जणांना, म्हणजे 4.3 टक्क्यांना, जंतुसंसर्ग नसतानाही दखल घेण्याजोगा स्थानिक दाह झाला. ग्लायकॉलिक आम्लाच्या पदार्थाचे 2037 रुग्ण होते, त्यांपैकी 107 जणांना सरासरी 11 आठवड्यांनी हा त्रास झाला. दुग्धाम्लाच्या पदार्थाचे 491 होते, त्यांपैकी अवघ्या एकाला, आणि तोही चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. घाईघाईने वाचणारा म्हणेल, दुग्धाम्ल निर्दोष ठरले. पण जो पदार्थ चार वर्षांनी उपद्रव देऊ शकतो त्याच्या रुग्णांवर चार वर्षे नजर ठेवलीच नाही, तर तो नेहमीच निर्दोष दिसेल.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा अनुभव याच मुद्द्याला दुजोरा देतो. तिथे गालाचे हाड मोडलेल्या दहा रुग्णांना शुद्ध आणि स्फटिकी जातीच्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पट्ट्या बसवल्या. हाडे उत्तम जुळली. तीन वर्षांनी त्यांपैकी चौघे गालावर सूज घेऊन परत आले. तेव्हा डॉक्टरांनी उरलेल्या रुग्णांनाही बोलावून घेतले, आणि 5.7 वर्षांपर्यंतच्या अवधीनंतरही पदार्थाचे अवशेष ऊतींत सापडत असल्याचे 1993 साली नोंदवले. या साऱ्यात मला सर्वांत मोलाचे वाक्य वाटते ते ‘उरलेल्या रुग्णांनाही बोलावून घेतले’ हे. बोलावता आले, कारण त्यांचा ठावठिकाणा दप्तरात होता.

आपल्याकडे काय घडले तेही सांगितले पाहिजे, मग ते विघटनशील पदार्थाविषयी नसले तरी. एका विदेशी कंपनीचा धातूचा कृत्रिम खुबा सदोष ठरून 2010 साली जगभरातून परत मागवण्यात आला. मुंबईत महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पोलिसांत फिर्याद देण्यापर्यंत पाठपुरावा केला, ही आपल्या राज्याच्या प्रशासनाला भूषणावह गोष्ट होय. पण केंद्र सरकारने नेमलेल्या समितीपुढे जी माहिती आली तीनुसार भारतात हा खुबा सुमारे 4700 जणांना बसवला होता, आणि त्यांपैकी शोध लागला तो सुमारे 1080 जणांचा. तीन हजार सहाशेहून अधिक माणसे सदोष धातू शरीरात घेऊन देशात कुठेतरी वावरत होती, आणि त्यांना शोधण्याचा मार्ग नव्हता. हेलसिंकीने 2528 माणसे मोजली. आपण त्याहून अधिक हरवली. आता विचार करा: धातूचा खुबा निदान क्ष-किरणांत दिसतो, बाहेर काढला तर त्यावरचा क्रमांक वाचता येतो. विरघळणारा स्क्रू क्ष-किरणांत सहसा दिसत नाही, आणि जाताना आपला पुरावाही बरोबर घेऊन जातो. ज्या आरोपीचा ठसा उरत नाही, त्याच्या बाबतीत पंचनामा आधीच करून ठेवावा लागतो.

या संदर्भात ‘जैवविघटनशील’ या शब्दाचीही झडती घेतली पाहिजे, कारण तो शब्द हल्ली अक्षता टाकल्यासारखा कशावरही टाकला जातो. उसाच्या साखरेपासून दुग्धाम्ल आणि त्यापासून पॉलिमर बनवण्याचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प 2024 साली आपल्या जेजुरीला उभा राहिला, ही उसाच्या प्रांताला आनंदाची वार्ता होय. पण या पॉलिमरचा कप उकिरड्यावर टाकला तर तो लवकर कुजत नाही; त्याला साठ अंशांच्या आसपासची उष्णता टिकवणारी कंपोस्टची व्यवस्था लागते. शरीर सदतीस अंशांवर असते. पॉलिमरची घडण कशी, साखळी किती लांब, दुसऱ्या आम्लाची भेसळ किती, स्फटिकी भाग किती, तुकडा जाड की पातळ, यांवरून तोच पदार्थ दोन महिन्यांत जाईल की पाच वर्षे रेंगाळेल हे ठरते. कुठे, किती काळात आणि जाताना शेजाऱ्यांना कसा वागवून, हे प्रश्न न विचारता ‘विघटनशील’ म्हणणे म्हणजे पाहुणा ‘जाणारा’ आहे एवढेच सांगण्यासारखे आहे. तो संध्याकाळी जाणार की चातुर्मास काढणार, हे घरच्या बाईला कळायला नको काय?

मी या पदार्थांचा शत्रू नव्हे. लहान मुलाच्या कवटीवर शस्त्रक्रिया करताना वाढत्या हाडात कायमचे पोलाद ठेवण्यापेक्षा वर्षभरात विरणारी पट्टी निश्चित श्रेयस्कर आहे, आणि अनेक शल्यवैद्यांनी तिचा उत्तम उपयोग केला आहे. हेलसिंकीच्या हिशेबातही 100 पैकी 95 हून अधिक रुग्ण निर्वेध राहिले, हे विसरून चालणार नाही. मला असेही सांगितले जाईल, की अगोदरच महाग असलेल्या उपचारावर नोंदवह्यांचा खर्च लादलात तर गरीब रुग्णाच्या वाट्याला काहीच येणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्या 3600 माणसांचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडायचा, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे. हृदयाच्या रोहिणीत घालण्याची, याच दुग्धाम्लाच्या पॉलिमरची नळी अमेरिकेत 2016 साली मंजूर झाली आणि 2017 साली तिची विक्री थांबली, कारण काळ लोटला तसे तिच्यात रक्ताच्या गुठळ्यांचे प्रमाण धातूच्या नळीपेक्षा अधिक आढळले. जिथे नोंद होती तिथे ती वेळेवर थांबवता आली.

कायद्याची चौकट आपल्याकडे अगदीच नाही असेही नव्हे. वैद्यकीय उपकरणांचे नियम 2017 साली झाले, आणि उपकरणांपासून होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2015 पासून गाझियाबादहून चालतो. पण अपाय कळवला तर नोंदवणे वेगळे, आणि प्रत्येक बसवणीची आरंभापासून खतावणी ठेवणे वेगळे. पहिले तक्रार-निवारण झाले, दुसरी जमाबंदी. शरीरात विरणारा पदार्थ विकण्याची सनद मागणाऱ्याने तो पदार्थ पूर्ण नाहीसा होईपर्यंत रुग्णांचे निरीक्षण करण्याची हमी द्यावी, आणि पॉलिमरची जात, आम्लांचे प्रमाण व उत्पादनाचा क्रमांक लिहिलेला कागद रुग्णाच्या हाती द्यावा, एवढी अट घालायला नवा कायदाही बहुधा लागणार नाही. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपासून ही वही सुरू करता येईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या, 1950 पासून कार्यरत असलेल्या संस्था आपल्या दाराशी आहेत. पॉलिमर बनवणारे आणि रुग्ण पाहणारे एकाच कीर्दीत नोंदी करू लागले तर तिसऱ्या वर्षाची सूज पाहून पहिल्या दिवसाचा पृष्ठभाग सुधारता येईल. अनुदान देणाऱ्यांनीही सातव्या दिवसाच्या छायाचित्रांसाठी जेवढे पैसे खर्च केले त्याचा काही अंश तिसऱ्या वर्षाच्या तपासणीसाठी राखून ठेवावा. त्यात कीर्ती कमी आहे, हे मला मान्य आहे. सातबाऱ्यावर फेरफार नोंदवणाऱ्याचे तैलचित्र कोणी कचेरीत लावीत नाही.

हा लेख लिहिताना मी आत्याला तिचे इस्पितळातून घरी पाठवतानाचे कागद मागितले. त्यात भुलीची मात्रा होती, बिलाची रक्कम होती, टाके कधी काढायचे ती तारीख होती. पट्टी कोणत्या कारखान्याची, कोणत्या क्रमांकाची, याचा उल्लेख कुठेच नव्हता. तेव्हा तिने उठून कपाटाच्या खणातून हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत कापसात गुंडाळून ठेवलेली ती पट्टी आणि सहा स्क्रू काढले. चष्मा वर करून, खिडकीच्या उजेडात धरून, आम्ही दोघांनी तिच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचला आणि मी तो कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवला.